नाना आणि हातावरचा उजेड

"थांब रे, उजेड कुठून येऊन राह्यला ते पाहू दे!" असं म्हणून नाना उजवा तळहात डोळ्यांसमोर धरायचे आणि उभ्या जागी गिरकी घ्यायचे. लग्नाचा मांडव असो, चहाची टपरी असो, नाहीतर कोणाचं बारसं. हातावर उजेड नीट पडला की फोटोसाठी सगळ्यांना बोलवत ओरडायचे, "सापडला! इथी उभे राहा बठ्ठे!" नवख्याला वाटायचं, म्हातारा कोणाची तरी दृष्ट काढतोय.

रावेरला माझं मोबाईलचं दुकान आहे. नानांनी पहिला टचवाला फोन माझ्याकडूनच घेतला. केळीचे बागायतदार. बांधावरून हाक मारली तर शेजारच्या शिवारातला ट्रॅक्टर थांबायचा. फोटोत मात्र गडी कच्चा. सुरुवातीच्या प्रत्येक फोटोत त्यांचं बोट असायचंच. मी चिडवायचो, "नाना, तुमच्या बोटाचा अल्बम करून देऊ का?"

तेव्हा त्यांच्या पोराचं लग्न जमत नव्हतं. आता तुम्हाला वेगळं काय सांगू! बाग कितीही डौलदार असू द्या, मुलीचा बाप विचारतो, "नोकरी कुठे आहे?" नकार पचवून पचवून पोरगं हसायचंच विसरलेलं. अशात धुळ्याच्या एका स्थळानं फोटो मागितला. नानांनी पोराला नवा शर्ट घातला, भर दुपारी बागेत गच्च पानांखाली उभं केलं आणि फोटो धाडला. बागेचा अभिमान, दुसरं काय! संध्याकाळी मध्यस्थी करणाऱ्या मामांचा फोन आला, "मुलाला कावीळ झाली होती का हो? मंडळी विचारतायत."

नाना वादळासारखे दुकानात शिरले. "तुह्या मोबाईलनं माह्या पोराले आजारी पाडलं!"

मी फोटो पाहिला आणि मला हसू आवरेना. चेहरा हिरवा-पिवळा, त्यावर दाट धुकं. धुकं कसलं, केळीचा चीक! फोन खिशात घालून घड कापलेले, चीक कॅमेऱ्याच्या काचेवर वाळून बसलेला. मी काच पुसली आणि त्यांच्याच गाडीवर मागे बसून बागेत गेलो.

"धरा हात पानांखाली." हात हिरवा.

"आता इकडे बांधावर या." हात हातासारखा!

नाना बघतच राहिले. "आयला! उजेड पानातून गाळून येते, अन् मी पोराले त्याच्यात भिजवलं!"

त्या दिवसापासून माणूस झपाटला. रोज दुकानात यायचे, गिऱ्हाईक बाजूला सारून फोटो दाखवायचे. मीही वेड्यासारखा त्यांच्या नादी लागलो. कोणी झूम करताना दिसला की नानांचा दम, "बोटं फाकवून वढू नको, पायानं जवळ जाय!" कोणी उजेडात फ्लॅश मारला की म्हणायचे, "समईवर बॅटरी मारतं का कोणी?"

इकडे मामांनी दुसरा फोटो मागितला आणि वर सल्लाही दिला. सूट घाला, कोणाच्या तरी चारचाकीला टेकवा, शेत दिसू देऊ नका. काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, ते पटलं. नाना उखडले, "लपवू कायले? पोरगं शेतात राहते, फोटोत बी शेतातच राहीन!"

"हेही स्थळ गेलं तर पोरगं बिनलग्नाचं राहील हो," म्हणत काकू रडायला लागल्या. खरं सांगतो, धास्ती नानांनाही होतीच.

दुसऱ्या दिवशी केळी कापणी होती. मी मुद्दाम गेलो. कोवळं ऊन होतं. पोरगं खांद्यावर घड घेऊन बांधावर आलं. नानांनी तळहात पाहिला, फोन रोखला आणि पायानं जवळ जायला लागले. नजर फोनमध्ये, पाय ठिबकच्या नळीत! धपकन बसले चिखलात, पण बोट बटणावरून सुटलं नाही. आणि पोरगं? खांद्यावरचा घड सावरत खो खो हसलं!

अहो, काय फोटो आला! दात, डोळे, घाम, घडाची फणी न् फणी, सगळं लख्ख. मी अक्षरशः नाचलो. नाना चिखलातूनच ओरडत होते, "आला का? आला का?" तिथूनच त्यांनी तो मामांना पाठवला. काकूंना विचारलंही नाही.

स्थळ जमलं! लग्न धुळ्यात झालं. तिथल्या फोटोग्राफरला नानांनी इतकं पळवलं की तो जेवायलाही आमच्या पंगतीपासून लांब बसला.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. थोड्या दिवसांनी त्यांची सून दुकानात आली. फोन पुढे करून म्हणाली, "दादा, नानांचा हा फोटो मोठा करून द्या. भिंतीवर लावायचाय."

मी पाहिलं. घड घेऊन हसणारं पोरगं. म्हटलं, "वहिनी, चुकून दुसराच उघडलाय. यात नाना कुठे आहेत?"

"हाच," ती म्हणाली. "फोटो वडिलांनी काढलाय, हे मामांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी घरी म्हटलं, ज्या घरात मुलगा बापाकडे बघून असा हसतो, त्या घरी मला द्या."