खाणीत नसलेला माणूस

मी जिवंत आहे हे मी अठरा तास सांगितलं नाही. घरच्यांना ते दिसतच होतं, मी त्यांच्यासमोर बसलो होतो. पण ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं भिलाईपासून रात्रभराच्या प्रवासाएवढी लांब होती आणि स्फोट झालेल्या कोळसा खाणीत उतरून मला शोधत होती. बाबांनी मला विचारलं होतं, "तिकडं कळवलं ना?" आणि मी म्हणालो होतो, "हाव, कळवलं." मी कळवलेलं नव्हतं.

तेव्हा मी पस्तिशीत होतो. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन तिथल्याच हुडको वसाहतीत राहायला आले होते. मी मात्र उत्तरेकडच्या एका भूमिगत खाणीत एका जोडीदारासोबत ड्रिल चालवायचो. खाणीच्या कॉलनीत एकटाच राहायचो आणि महिन्या-दोन महिन्यांनी भिलाईला यायचो.

खाणीत उतरण्याआधी प्रत्येकाला बत्तीघरात जावं लागतं. तिथं चार्जिंगच्या रॅकवर टोपीला लावायच्या बत्त्या असतात, प्रत्येक बत्तीवर नंबर असतो आणि तो नंबर एकाच माणसाचा असतो. बत्ती रॅकवर असेल तर माणूस वर आहे, जागा रिकामी असेल तर माणूस खाली आहे. पाळी संपल्यावर रिकामी जागा दिसली की शोध सुरू होतो. अंगठ्याचं मशीन तेव्हा आलेलं नव्हतं. बत्ती निघाली की हाजरी लागली, असा सरळ हिशेब होता.

त्यातूनच एक रिवाज पडला होता. कुणाला घरी जायचं असेल आणि रजा मिळत नसेल, तर बत्तीघरातला माणूस त्याची बत्ती काढून कपाटात ठेवायचा आणि पाळी संपली की परत रॅकवर लावायचा. जागा रिकामी, हाजरी पक्की, आणि माणूस गाडीत. याला 'बत्ती झोपवणं' म्हणायचे. आम्हाला ती चोरी वाटत नसे. आज माझी झोपली, उद्या तुझी झोपेल, एवढंच. रिकाम्या जागेवर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा जवळच्याच चरोद्याचा, रेल्वेतला. मी रजा मागितली, मिळाली नाही. बत्तीघरात माझा एक मित्र होता, भंडाऱ्याकडचा. तो म्हणाला, "जाय बे. बहिणीचं साक्षगंध काय दरवर्षी होते? मी झोपवतो तुही बत्ती."

"कोणी पायलं तं?"

"पायणारा मीच तं हावो."

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी घरी पोचलो. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, मंडपात पंगत बसली. मी वाढत होतो. एकच्या सुमारास मित्राचा फोन आला. मागून सायरन ऐकू येत होता.

"खाली धमाका झाला," तो म्हणाला. "तुह्याच सेक्शनमंधी. लय लोक आत हायेत."

"माहा जोडीदार?"

"तोही आत हाये. आयक, तुह्या नंबराची जागा रिकामी हाये. तू कोणाशी काहीच बोलू नको. गर्दी हटली का मी बत्ती परत लावून देतो, तुहा नंबर कटून जाईन. अर्धा घंटा दे मले."

मी अर्धा तास दिला. बुंदीची परात हातात घेऊन मंडपाच्या कोपऱ्यात उभा राहून दिला.

दोनच्या सुमारास शेजारच्या घरातली बाई रडत आली आणि सरळ आईच्या गळ्यात पडली. त्यांच्या टीव्हीवर खाली अडकलेल्यांची नावं येत होती आणि त्यांत माझं नाव होतं. आईला काही कळेना. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. त्या बाईनं मान वळवून मला पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली.

मग सगळा मंडप टीव्हीसमोर गेला. माझं नाव खालच्या पट्टीवरून डावीकडं सरकत गेलं. आईनं माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. होणारे इवाई, बहिणीचे सासरे, मोकळ्या स्वभावाचे होते. ते म्हणाले, "मेला माणूस मले आत्ता तिसऱ्यांदा बुंदी वाढून गेला." लोक हसले. मीही हसलो. कुणीतरी म्हणालं, पोरीचा पायगुण चांगला, साक्षगंध नसतं तर हा गेला होता. बहीण रडत होती आणि हसतही होती. आमच्या घरात इतका सुटकेचा दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते खोटं नव्हतं. मी आलो नसतो तर माझ्या जोडीदाराच्या शेजारी असतो, आणि तो वर आला तो झाकलेलाच.

फक्त बाबा हसले नाहीत. प्लांटमध्ये त्यांनी अपघात पाहिले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाकीचे लोक खाली हायेत अजून. आन तुले धुंडत असन कोणी. तिकडं कळवलं ना?"

"हाव, कळवलं."

त्यांनी मान हलवली आणि ते परत पाहुण्यांत गेले. माझा शब्द त्यांना पुरला.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. अधिकाऱ्यांनी बत्तीघराला कुलूप लावून रजिस्टर ताब्यात घेतलं होतं. माझी बत्ती आत कपाटात, आणि मित्र बाहेर. त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "आता बोललो तं दोघाईची नोकरी जाते. माह्या बापाच्या जागेवर लागलो मी." मी म्हणालो, थांबून पाहू. माझ्या मनातही नोकरीच होती. शिवाय मांडवात नवे सोयरे बसलेले, बहिणीचा भाऊ बत्ती झोपवून आला हे त्यांना कळलं तर काय, हेही होतं. पण एक गोष्ट तेव्हा कळली. दोन वाजता सांगायचं तर फक्त बत्तीचं सांगावं लागलं असतं. चार वाजता सांगायचं तर मधल्या दोन तासांचंही सांगावं लागणार होतं. दर तासानं सांगायची गोष्ट मोठी होत गेली आणि माझं तोंड लहान.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मित्राचा फोन आला.

"रेस्क्यूवाला एक जण बेहोश निंगाला," तो म्हणाला. "पाठीवरच्या मशीनीतली हवा संपत आलती, तरी परत नाही फिरला. बाकी सगळे भेटले. एकच नंबर राहिला म्हणून तिसऱ्यांदा उतरलता."

कुठला नंबर, हे मी विचारलं नाही.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी त्यांना सांगितलं की काल मी कळवलं नव्हतं. मला वाटलं ते मारतील. त्यांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "लाव फोन. माह्यासमोर लाव."

खाणीच्या कंट्रोल रूमचा नंबर लागला. मी माझा बत्ती नंबर सांगितला, नाव सांगितलं, भिलाईत घरी आहे म्हणून सांगितलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. पलीकडचा माणूस फोन तोंडापासून दूर धरून ओरडला, "जिंदा है. घर पे है. बुला लो सबको ऊपर." आणि मागं कितीतरी माणसं एकदम बोलू लागली. ती आनंदानं बोलत होती. रात्रभर जागलेली ती माणसं माझ्या जिवंत असण्यानं खूश झाली होती. मी फोन ठेवला आणि ओट्यावरच बसून राहिलो. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, पण ते आतही गेले नाहीत.

रेस्क्यूवाला पाच दिवसांनी धोक्याबाहेर आला. मित्रानं ही बातमी दिली त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.

चौकशी झाली. मित्राची बदली झाली, माझी नोकरी गेली. गेली ते बरं झालं, कारण त्यानंतर माझ्यानं खाली उतरवलं नसतं. बहिणीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. सोयऱ्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. मी भिलाईतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागलो. पण चौकशीत मी एक वाक्य लिहून दिलं होतं: अपघाताची बातमी मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, आणि कळताच मी फोन केला. ते कुणी तपासलं नाही. मित्रही काही बोलला नाही. पुढची पंधरा वर्षं ते वाक्य खरं म्हणून चाललं.

गेल्या हिवाळ्यात मित्राचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "तो रेस्क्यूवाला काका भिलाईतच राहते. नेहरू नगरात, पोरीकडं. मी जाऊन आलो."

"कवा?"

"चार वर्षं झाले."

"आन मले आता सांगतं?"

"तू कवा विचारलं?"

मी एका रविवारी सकाळी गेलो. दार त्यांनी स्वतःच उघडलं. वणीकडचा माणूस, सत्तरीला आलेला, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. मी म्हणालो, "काका, तो जो खाली नव्हता, तो मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तं लहानसा हायेस बे," ते म्हणाले. "मी चांगला मोठा माणूस धुंडून रायलो होतो." आणि आत हाक मारली, "पोरी, चहा ठेव. ज्याच्यापायी मी दवाखान्यात पडलो तो आला."

चहा झाला. ते आपणहून सांगू लागले. टीमचा कॅप्टन म्हणत होता की आता पुरे, पण एक गॅलरी, आतला एक बोगदा, पाहायची राहिली होती. "मी म्हटलं, कोणाची तरी माय वाट पाहून रायली असन. मंग गेलो. पुढचं काही आठवत नाही. होश आला तं पहिले हेच विचारलं, तो भेटला काय. नर्स म्हणे, तो तं घरीच होता. मी असा हासलो का नाकावरचा मास्क निंगाला. नर्स रागावली." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मले कोणी म्हणे, त्याच्यावर केस कर. मी म्हटलं, कायची केस? त्याले बिचाऱ्याले मालूम नव्हतं. मालूम झालं तसा त्यानं फोन केला."

मी तेवढ्यावर उठू शकलो असतो. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. आणि त्यांचं हे हसणं माझ्या खोट्या वाक्यावर उभं होतं.

"काका," मी म्हणालो, "मले मालूम होतं."

"कवापासून?"

"त्याच दिवशी, दुपारपासून. टीव्हीवर माहं नाव आलं होतं. घरी बहिणीचं साक्षगंध होतं, पंगत चालू होती."

त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. आत गॅसवर कुकरची शिट्टी झाली.

"काय होतं जेवाले?" त्यांनी विचारलं.

"वरण, भात, वांग्याची भाजी. बुंदी."

"मंग कसा उठशीन तू फोन कराले," ते म्हणाले. त्यात राग होता, आणि तो मला ऐकू आला हे मला बरं वाटलं. इतकी वर्षं तो राग कुठंतरी असायला हवा होता आणि नव्हता. माझ्या छातीवरचं ओझं त्या एका टोमण्यानं हललं. मी खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर खाली बसलो, पाय धरले नाहीत, कारण त्यांनी ते धरू दिले नसते.

"काका," मी म्हणालो, "बत्ती झोपवली त्याची माफी मी नाही मागत. त्यानं मी वाचलो. पण तुमी लोक खाली मले धुंडून रायले हे मले मालूम होतं, आन नोकरी जाईन म्हणून मी चूप बसलो. माह्या बापाशी खोटं बोललो, चौकशीत खोटं लिहिलं. तुमचा जीव मी माह्या नोकरीपेक्षा हलका धरला. त्याची मी माफी मागतो."