एका पिंपातला मध

एका गुरुवारी सकाळी माझी थोरली बहीण गेली. निरवांगीहून भाच्याचा फोन आला. मी कॉलेजात रजा कळवली आणि बारामतीच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसलो.

याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसलो की अक्का आठवते ती पदर घट्ट खोचून मधमाश्यांच्या पेटीचं झाकण अलगद उचलणारी. माश्या मनगटावर चढायच्या आणि ती शेजारणींशी बोलावं तसं म्हणायची, "जरा सरका गं बायांनो." पहिल्या पेट्या तिनं आणल्या त्या डाळिंबाला फळ चांगलं धरावं म्हणून, मध वरचा. पुढे आसपासच्या गावांत पेट्या ठेवणारे वाढले आणि सगळ्यांची अडचण एकच निघाली. थंडीत मध थिजून रवाळ झाला की व्यापारी बरणी उलटी करायचा आणि म्हणायचा, साखर घातलीय. चांगला मधही थंडीत थिजतो, पण एकट्यादुकट्याचं कोण ऐकणार... म्हणून अक्कानं सगळ्यांना आपल्या पडवीत बोलावलं. संघ काढायचा, सगळ्यांचा मध एकाच पिंपात ओतायचा आणि एकाच नावानं बारामतीत विकायचा, असं तिचं म्हणणं. त्यांच्यातले सगळ्यांत जुने मधपाळ गणपतराव. ते म्हणाले, "अक्का, उसाचं ठीक हाय, मोळी कुणाची ते कारखाना इचारत न्हाय. मधाला चव असती. माझा मध तुझ्यात कशाला मिसळू?"

"मग बसा तुमी तुमची बरणी घेऊन, आबा. व्यापारी येतोच हाय उलटी करायला."

पुढच्या खेपेला गणपतराव डबा घेऊन आले.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात, अक्काच्या पेट्या दुसऱ्याच्या ज्या बागेत ठेवल्या होत्या तिच्या मालकानं अचानक औषध फवारायचं ठरवलं. माश्या वाचवायच्या तर पेट्या त्याच दिवशी हलवायला हव्या होत्या. पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी, म्हणजे भरलेल्या फ्रेम, टेम्पोत हिंदकळून फुटतील म्हणून तिनं आधी मध काढून घेतला. मधातलं पाणी आटून तो पिकला की माश्या पोळ्याच्या एकेका घरावर मेणाचं झाकण घालतात. तिच्या फ्रेमवरची कितीतरी घरं अजून उघडीच होती. तो पातळ मध पिंपात गेला. काही दिवसांनी पिंपावर फेस आला, आंबूस वास सुटला आणि सगळ्यांचाच मध वाया गेला.

त्यानंतरच्या बैठकीला मी योगायोगानं निरवांगीत होतो. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. ज्यानं त्यानं आपापलं विकावं, संघ मोडावा, असं एकानं बोलूनही दाखवलं. तेव्हा अक्का उठली. "माझा मध हुता त्यो. कच्चा काढला मी."

"आन् आमाला शिकवत हुतीस व्हय!" गणपतराव म्हणाले.

"व्हय. म्हणूनच आता तुमी माझ्या फ्रेम बघायच्या. तुमी बघितल्याबिगर मी थेंब ओतणार न्हाय."

"आन् माझ्या कोण बघणार?"

"मी. मग कुरकुर करायची न्हाय."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. तरीही दोघं जण संघ सोडून गेले. बाकीचे राहिले, आणि मध काढण्याआधी दुसऱ्या सभासदाला बोलावून फ्रेम दाखवायच्या, अशी रीत पडली. त्यावरून भांडणंही झाली. अक्का फार कडक बघायची आणि तिचं बोलणं काही गोड नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, तू गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं असतं?

"कुणालाच न्हाय," ती म्हणाली. "पर मग जलमभर समद्यांनी एकमेकांवर संशय घेतला असता."

गेल्या आठवड्यात निरवांगीला गेलो. अक्काची सून मनीषा पहिल्यांदाच स्वतः मध काढणार होती. निरोप गेला तसे गणपतराव काठी टेकत आले. त्यांनी एकेक फ्रेम उजेडात धरली, बराच वेळ निरखली आणि दोन तिच्या हातात परत दिल्या.

"ह्या राहू देत, पोरी. उघड्या हायत."

"आत्यांच्या पण अशाच परत द्यायचा का, आबा?"

"तिच्या तर जास्त..."

मनीषानं त्या दोन फ्रेम पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं. बाकीचा मध संघाच्या पिंपात गेला. संघ चालू आहे. अक्काच्या पेट्या आता मनीषा सांभाळते.