रेलीनची वायर आणि जॉसलिनचे वेढे

रेलीन पकरिजनं आयुष्यभर ऑस्ट्रेलियातल्या सी लेक गावची शाळेची बस चालवली. रोज तीच गव्हाची शेतं, तीच फाटकं, आणि फाटकाशी डबा विसरून आलेली तीच पोरं. बस ज्या वाटेनं जायची ती वाट ठरलेली. मधे कितीतरी फाटे फुटायचे, रेलीन मान वळवून त्यांच्याकडे बघायची आणि पुढे जायची. निवृत्त झाली त्या दिवशी तिनं केक कापला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आता दिसेल त्या फाट्याला वळणार." पुढच्याच आठवड्यात तिनं एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, विकत घेतली.

धाकटी बहीण जॉसलिन हिचं गावात केस कापायचं दुकान होतं. ते तिनं नुकतंच बंद केलं होतं. "तू एकटी गेलीस तर बोलशील कुणाशी? कांगारूंशी?" असं म्हणत ती आपली उशी घेऊन हजर झाली. दोघी बहिणींचं जन्मात कधी एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, त्यामुळे प्रवासात कंटाळा येईल ही भीती नव्हतीच.

पहिलं भांडण निघायच्या आधीच झालं, तेही विजेच्या वायरीवरून. मुक्कामाच्या जागी खांबावरून आत वीज घ्यायला वायर लागते, ती कॅरॅव्हॅनबरोबर आली नव्हती. जॉसलिननं शेडमधून केशरी रंगाची वायर आणून दिली. तिच्यावर ती कुंपणाची झुडपं छाटायचं यंत्र चालवायची.

"ही घे. फुकटात काम झालं."

रेलीननं लावून बघितली. गाडीच्या बाजूला जो प्लग होता त्याची अर्थिंगची पिन चांगली रुंद, आणि केशरी वायरीचं भोक अरुंद. जाईचना.

"मग घास ना कानशीनं थोडी," जॉसलिन म्हणाली.

"अगं बये, ती पिन मुद्दाम रुंद केलीय. तुझ्यासारख्यांना अडवायला!"

"माझ्यासारख्यांनी काय घोडं मारलंय?"

"ही वायर बारीक आहे. तू एसी लावणार, वर किटली लावणार, वर केस वाळवणार. तापून वितळेल ती. आणि आत झोपलेल्या आपण दोघी."

जॉसलिननं केशरी वायर मुकाट्यानं शेडमध्ये नेऊन ठेवली. 'मुकाट्यानं' म्हणजे तिच्या मानानं. वायर आणायला स्वान हिलच्या बाजाराला जाताना वाटभर ती तेवढ्याच विषयावर बोलत होती.

दुकानात गेल्यावर नवा वाद. जॉसलिनला सगळ्यात लांब वायर हवी होती. "लांब असलेली बरी. कुठेही पोचेल."

पण रेलीन अभ्यास करून आली होती. गावातल्या कॅरॅव्हॅन पार्कात, जिथे असल्या गाड्या मुक्कामाला लागतात तिथे, जाऊन तिनं विजेच्या खांबापासून गाडीच्या मागून वळसा घालत पलीकडच्या बाजूपर्यंत पावलं मोजली होती. तिथला माणूस विचारत होता, काही हरवलंय का. "पंधरा मीटर भरपूर झाली," ती म्हणाली. "जास्त घेतली तर उरलेलं भेंडोळं पायात येणार. कमी घेतली तर दुसरी जोडावी लागणार, आणि तो जोड पडणार नेमका ओल्या गवतात." तिनं एकेक वायर हातात घेऊन वाकवून बघितली, जाडी बघितली, कडक वाटली ती परत ठेवली. शेवटी एक निळी, जाड तरी मऊ अशी तिला पसंत पडली. नवरामुलगा बघायला आल्यासारखी तिची तऱ्हा बघून दुकानदार हसत होता.

"लग्नाला इतका विचार केला असतास तर एव्हाना नातवंडं असती," जॉसलिन म्हणाली.

"म्हणूनच केला नाही," रेलीन म्हणाली आणि वायर खांद्यावर टाकून बाहेर पडली.

वायर निवडली रेलीननं, आणि ती चांगलीच निवडली. ती ठेवायची कशी, तिथे मात्र तिची पंचाईत झाली. पहिल्या मुक्कामाहून निघताना जॉसलिननं ती गोळा करून पुढच्या पेटीत कोंबली, सांडपाण्याच्या नळीशेजारी. रेलीन किंचाळलीच.

"आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जातं त्या नळीच्या मांडीला मांडी लावून वीज ठेवतेस? काढ ती आधी!"

त्या दिवसापासून वायर रेलीनच्या ताब्यात. ती हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत, कोपरापासून पंजापर्यंत, असे तावातावानं वेढे घ्यायची आणि पलंगाखाली टाकायची. पुढच्या मुक्कामाला ती बाहेर काढली की गाठीच गाठी. जमिनीवर सरळ म्हणून पडायची नाही. क्वीन्सलँड राज्याच्या हद्दीपर्यंत येता येता वायरीला असा पीळ बसला, की एक टोक ओढलं की दुसरं टोक आपोआप उड्या मारायचं.

असं करत त्या कारुंबाला पोचल्या, अगदी वर उत्तरेला, आखाताच्या काठाला. दक्षिणेत थंडीनं दात वाजत होते आणि इथे लोक चड्डीवर मासे साफ करत होते. रेलीन गाडीमागे वायरीशी झगडत बसली. शेजारच्या कॅरॅव्हॅनसमोर खुर्ची टाकून एक टकला, पोट सुटलेला माणूस हे सगळं मनापासून बघत होता. हा कॉन पागोनिस. पोर्ट पिरीला त्याचं आणि त्याच्या बायकोचं, वूलाचं, तळलेल्या माशांचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून दोघं फिरायला निघाली होती.

"स्पॅगेटी विकायला बसताय का?" कॉननं विचारलं. "एक प्लेट आम्हालाही द्या!"

रेलीनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आणि तेव्हाच जॉसलिन दारातून उतरली. बहिणीला आपण काहीही बोलावं, पण परक्यानं बोललेलं तिला खपत नसे.

"दे इकडे. एवढे दिवस बघतेय मी. तू तिचा कल मोडतेस."

"वायरीला कसला आलाय कल?"

"केसांना भोवरा असतो ना, तसा. माझ्याकडचे ड्रायर रोज संध्याकाळी कोण गुंडाळायचं? त्यांच्या वायरींना कधी पीळ बघितलास?"

जॉसलिननं वायर आधी पूर्ण लांब पसरली, उन्हात जरा तापू दिली आणि पीळ निघेपर्यंत हलकेच झटकली. मग एका हातात टॉवेल धरून, त्यातून पुसत पुसत, ती वेढे घेऊ लागली. एक वेढा सरळ, दुसरा मनगट फिरवून आतल्या बाजूनं. पुन्हा सरळ, पुन्हा आतून. कोपर नाही, ओढाताण नाही. लहान मुलीची वेणी घालावी तसं. शेवटी कापडी पट्ट्यानं बांधून तिनं ते गोल वेटोळं रेलीनच्या पुढ्यात धरलं. "आता टोक धर आणि ओढ."

रेलीननं टोक धरलं. वायर सुळकन सुटून गवतावर सरळ जाऊन पडली. एक गाठ नाही.

"एवढं येत होतं तर आधी का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी?"

यावर दोघी इतक्या हसल्या, की काय झालं ते बघायला वूला हात पुसत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन कडक होतं. रेलीन वाळलेले कपडे काढून येत होती, तेवढ्यात तिला वास आला. नायलॉनवर तापलेली इस्त्री टेकावी तसा. ती वासाच्या मागानं गेली. कॉनच्या गाडीखाली वायरीचं रीळ होतं. लागेल तेवढीच वायर त्यानं बाहेर ओढली होती, बाकीची तशीच रिळावर गच्च. आत एसी जोरात चालू.

"कॉन! एसी बंद कर! लगेच!" असं ओरडत तिनं खांबावरचं बटण पाडलं आणि मगच प्लग उपसला.

कॉन झोपेतून उठून धडपडत आला. रीळ इतकं तापलं होतं की हात लावेना. निवल्यावर उलगडून बघितलं, तर आतले वेढे एकमेकांना चिकटून बसलेले. वूलानं आधी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग नवऱ्याच्या दंडावर एक सणसणीत चापटी मारली.

"जन्मभर उकळत्या तेलापुढे उभा राहिलास, काही झालं नाही. आता म्हातारपणी बायकोला तळायला निघालास!"

कॉननं ओशाळून रेलीनकडे बघितलं. "मी काल तुला हसलो होतो ना?"

"हसलास. आता नॉर्मंटनच्या बाजाराला चल, तुला वायर निवडून देते. आणि ती पूर्ण उलगडून वापरायची, गुंडाळलेली राहिली की उष्णता आतच कोंडते, कळलं?"

नवी वायर आल्यावर जॉसलिननं कॉनला वेढे शिकवायला घेतले, आणि बघता बघता आजूबाजूचे लोक आपापल्या वायरी घेऊन जमले. कुणाची पिळाची, कुणाची चिखलानं माखलेली. जॉसलिन दुकानातल्यासारखी एकेकाला खुर्चीवर बसवून मनगट फिरवायला शिकवत होती आणि वर गप्पाही मारत होती. वूलानं शर्यत लावायची टूम काढली: प्रत्येकानं वेटोळं बांधायचं, टोक धरून फेकायचं, ज्याची वायर सगळ्यात सरळ पडेल त्याला बक्षीस.

पाच वाजता, हातात थंड बिअर घेऊन, सगळं पार्क गवतावर गोळा झालं. रेलीनची वायर मधेच अडकली आणि लोकांनी आरडाओरडा केला. कॉननं इतक्या जोरात फेकली की टोकही हातातून सुटलं आणि वायर कुणाच्या तरी कुत्र्याच्या अंगावर पडली. वूलाची मात्र दोरी ताणल्यासारखी सरळ गेली. ती दोन्ही हात वर करून नाचायला लागली, आणि तिच्याबरोबर जॉसलिनही. बक्षीस म्हणून कॉननं सकाळी धरलेला बारामुंडी मासा सगळ्यांसाठी तळला. पिठात काय घालतोस असं रेलीननं विचारलं तर म्हणाला, "ते मुलालाही सांगितलेलं नाही." समुद्रात सूर्य बुडेपर्यंत खाणं चाललं होतं.

दोघी बहिणी कारुंबात आठवडाभर राहायच्या म्हणून आल्या होत्या. पावसाआधीचा दमट उकाडा सुरू होईपर्यंत हलल्या नाहीत. कॉननं रेलीनला आपल्या नावेत नेऊन मासे धरायला शिकवलं. तिच्या गळाला पहिला बारामुंडी लागला तेव्हा ती अशी काही ओरडली, की किनाऱ्यावर जॉसलिन घाबरून उभी राहिली. मापून बघितला तर कायद्यानं ठरलेल्या मापाला बोटभर कमी भरला, म्हणजे ठेवता यायचा नाही. रेलीननं त्याला अलगद पाण्यात सोडलं, तो शेपटी मारून तिच्या तोंडावर पाणी उडवून गेला, आणि ती तशीच भिजलेली, हसत, पुन्हा गळ टाकून बसली.