उद्‌घाटनाआधी जलपर्णी काढू नये

कोंडीरामचा सगळा जीव तळ्यात अडकलेला. चाकणजवळ, कुरुळीच्या पुढच्या एका गावाचं तळं त्याने ग्रामपंचायतीकडून मासेमारीला घेतलं होतं, रोहू-कटल्याचं बीज स्वतःच्या हाताने सोडलं होतं. नाल्याच्या घाणीवर माजलेली जलपर्णी तो आणि त्याची बायको आक्काबाई रोज सकाळी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून उपसत. तळं झाकलं गेलं की खाली मासा गुदमरतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग एका कंपनीने तळ्यासाठी निधी दिला आणि घात झाला.

निधी आला म्हणून समिती झाली, समिती झाली म्हणून अध्यक्ष लागले, आणि अध्यक्ष म्हटल्यावर माजी सरपंच उद्धवरावांशिवाय गावात होतं तरी कोण? त्यांनी पहिल्याच बैठकीत कोंडीरामला बजावलं, "उद्‌घाटनापातूर एक पान उपटायचं न्हाई. तळं चांगलं दिसलं तर कंपनी म्हणंल, हितं निधी कशाला?"

"आन् मासं?"

"जलपर्णी काढायचं मशीन येतंय की राव! दोन दिवसांत तळं लख्ख."

कोंडीराम भोळा. तीन आठवडे काठावर बसून जलपर्णी पसरताना बघत राहिला. समिती मात्र स्वस्थ नव्हती. तिने आधी तळ्याच्या वाटेवर कमान उभारली. वर सिमेंटचे दोन मोर, मध्ये उद्धवरावांच्या कैलासवासी वडिलांचं नाव. कमानीशिवाय आपल्याकडे कुठलं काम सुरू झालंय?

उद्‌घाटनाच्या दिवशी ट्रेलरवर चढवलेलं मशीन नेमकं त्या कमानीत अडकलं. दीड हात उंची कमी पडली.

"वरचं तोडा," ड्रायव्हर म्हणाला.

"आमच्या आबांचं नाव तोडू?" उद्धवराव कडाडले. मग मशीनला रस्त्यावरच हार घातला, नारळ फोडला आणि मंडळी चालत तळ्यावर आली.

चाकणच्या ट्रॅफिकच्या धास्तीने कार्यक्रम सकाळी सातला ठेवला होता. जलपूजनासाठी समितीने काठाशी एवढासा कोपरा मोकळा केला होता. तिथे शेकडो मासे वर आले होते, तोंडं उघडी टाकून.

"अय्या, केवढे मासे!" कंपनीच्या स्वरूपा मॅडम हरखल्या. "निधीचा परिणाम दिसायला लागला की!"

टाळ्या पडल्या. उद्धवरावांनी कोंडीरामच्या खांद्यावर शाल घातली आणि कौतुकाने माईक त्याच्या हातात दिला. आयुष्यात त्याला इतका संताप कधी आला नव्हता.

"मॅडम, ते खेळत न्हाईत. रातभर पानांखाली गुदमरल्यात, आता वर येऊन मरत्यात. आमी रोज उपसत होतो तवा जगत होते. तुमचा निधी आला आन् ह्यांनी आमाला थांबवलं."

स्वरूपा मॅडमचा चेहरा उतरला. त्या काही विचारणार, तोच उद्धवरावांनी माईक काढून घेतला. "कोंडीरामभाऊ जरा भावनिक झालेत! नाश्त्याची सोय कमानीपाशी केलीय, सर्वांनी लाभ घ्यावा."

मंडळी वळली. आक्काबाई तोवर पाण्यात उतरली होती. कोंडीरामही अंगावरच्या शालीसकट शिरला आणि ओंजळी भरभरून पानं काठावर फेकू लागला. पानांखाली त्याच्या हाताला काहीतरी गार, जड लागलं.

"मामा, जरा हिकडं बघा," कंपनीच्या अहवालासाठी फोटो काढणारा फोटोग्राफर ओरडला.

कोंडीराम वळला. त्याच्या दोन्ही हातांवर हातभर लांबीचा मेलेला कटला होता.

"काढ फोटो," तो म्हणाला. "आन् अहवालात लाव."