खांद्यावरचं फडकं

इंजिनं खोलण्यात मिस्त्रींची हयात गेली. पाळी संपली की हात धुण्यालाही ते कामाइतकंच काम मानत. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण. नखांना वेगळा ब्रश. कोणी घाईत उरकायला गेला की मिस्त्री विचारत, हात धुतोयस की त्यांना पाणी पाजतोयस? आणि त्याला पुन्हा नळावर उभं करत.

मळ म्हणजे काळा, हा त्यांचा हिशोब. काळा गेला की हात स्वच्छ. मग खांद्यावरच्या फडक्याला ते पुसायचे. त्याच फडक्याने घाम पुसायचा, झाकण गच्च बसलं तर पकडून फिरवायचं, शिंक आली तर तोंडाशी धरायचं. कारखाना सुटला, फडकं सुटलं नाही.

पुढे नात झाली. दिवस भरायच्या आधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. घरी आणली आणि कसलासा जंतुसंसर्ग होऊन पुन्हा दवाखान्यात न्यावी लागली. साऱ्या घराचा जीव टांगणीला लागला. ती परतली तेव्हा डॉक्टरांनी सुनेला बजावून सांगितलं होतं: बाळाला घ्यायच्या आधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे, मळ दिसो वा न दिसो.

आजीने बाळाला घेतलं, बापाने घेतलं. मिस्त्री पुढे झाले की सुनेचं काहीतरी निघायचं. आत्ताच डोळा लागलाय, बाबा. दुधाची वेळ झालीय, बाबा.

मिस्त्रींनी आपले हात न्याहाळले. बोटांच्या भेगांत काळ्या रेघा होत्या. इतक्या वर्षांचं तेल मुरलेलं, ते निघणार थोडंच. सुनेला त्याचीच किळस येत असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. एका संध्याकाळी ते ब्रश घेऊन नळावर बसले आणि घासत राहिले.

"अहो, हात आहेत ते, पातेलं नव्हे," बायको म्हणाली.

कातडं सोललं, रेघा तशाच. लाल झालेले हात घेऊन ते सुनेपुढे उभे राहिले. "याहून गोरे होत नाहीत ते," म्हणाले. "नसेल द्यायची तर तसं सांग, सूनबाई. रोज नवं कारण कशाला शोधतेस?"

सुनेचा चेहरा उतरला.

"बाबा, काळ्याचं काही नाही हो. तुमच्याइतके हात या घरात कोणी धूत नाही. पण धुऊन झाल्यावर तुम्ही ते त्या फडक्याला पुसता. सकाळी त्याच फडक्यात शिंकलात. सासऱ्यांना कसं सांगायचं, मला कळेना."

मिस्त्रींनी खांद्याकडे पाहिलं. फडकं तिथेच होतं, हात पुसून ओलं झालेलं. एवढी मेहनत घेऊन काम शेवटच्या घटकेला नासवायचं, यावरून त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना झापलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळही नीट पाहिला. मळक्या हाताने उघडायचा आणि धुतलेल्या हाताने तोच बंद करायचा, हेही काही खरं नव्हतं. नळाला त्यांनी लांब दांडी बसवली, कोपराने फिरेल अशी. फडकं सायकलच्या दांड्याला बांधलं. हात धुतले, स्वच्छ पंच्याने टिपले आणि कशालाही न लावता हवेत धरून खोलीत आले.

"पोलिसांनी पकडलंय का?" बायकोने विचारलं.

सुनेने बाळ त्यांच्या हातात दिलं. वजन असं जाणवेचना. मिस्त्री श्वास रोखून बसले, जड यंत्र पेलतानाही इतके जपून बसले नसतील. आणि नेमकं तेव्हाच नाक खाजू लागलं. पूर्वी फडकं कधी नाकाशी गेलं असतं, कळलंही नसतं.

"अगं," ते हळूच बायकोला म्हणाले, "जरा माझं नाक खाजव."

तिने हसत खाजवलं.

"आता जा, हात धू. आणि नळ कोपराने बंद कर."