वरचा मुलूख पुढे लागतो

बसच्या ड्रायव्हरकाकांची अख्खी नोकरी एकाच रस्त्यावर गेली. पुलापासून डोंगरापर्यंत आणि परत. कुठे खड्डा आहे हे त्यांच्या कमरेला पाठ होतं. प्रांत एकच, पण लोकांनी त्याचे दोन मुलूख पाडलेले, वरचा आणि खालचा. एक संपून दुसरा कुठे लागतो, हे काकांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मनावर घेतलं होतं बायकोने. लेकीने पसंत केलेला मुलगा नेमका डोंगराच्या पायथ्याचा निघाला आणि ही अडून बसली.

"वरच्या मुलखात मुलगी देणार नाही. माझ्या ताईला दिली, ती दुरावलीच. तिचं घर कसं आहे तेही मी पाहिलेलं नाही."

लेकीने रडून डोळे सुजवले. काका वैतागले. "निदान घर तरी बघून घे," म्हणत त्यांनी बायकोला आपल्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं.

ती कसली गप्प बसतेय! जो चढेल त्याला विचारायची, "वरचा मुलूख इथूनच ना?"

गिरणीवाला म्हणाला, "छे हो, बाजाराच्या पुढे." बाजाराच्या स्टॉपवर चढलेली शिंपीण म्हणाली, "आम्ही आणि वरचे? तो धरणाच्या पुढे." धरणावरच्या वॉचमनने तर हातच जोडले, "आम्हाला कशाला त्यात ढकलता? डोंगराकडे विचारा."

डोंगराशी मुलाच्या आईने पाणी दिलं आणि दबकत म्हणाली, "खरं सांगू? खालच्या मुलखातली सून म्हणून मी धास्तावले होते. पण तुम्ही पुलाच्या अलीकडच्या. खालचा मुलूख पलीकडे लागतो, हो ना?"

 परतताना बायको खिडकीतून नुसती रस्ता बघत राहिली. आरशात तिचा चेहरा पाहून काकांच्या मनात आलं, ज्या हद्दीने माणसं तोडली, तिच्यावरून आपण जन्मभर गाडी नेली आणि चाकाला कधी साधा धक्का बसला नाही!

"अहो, ताई कुठल्या स्टॉपला राहते?"

"बाजाराच्या. त्या रंगाच्या दुकानामागे."  रोज काका तिथे थांबत होते आणि घरी मात्र 'मेहुणी वर असते' असंच म्हणत होते.

गाडी थांबली. बायको उठली, पदर सारखा केला.

"तुम्ही व्हा पुढे. लेकीला सांगा, तारीख काढा. मी तिच्या मावशीला घेऊनच येते."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. ती दुकानामागे वळेपर्यंत काकांनी गिअर टाकला नाही.