हातावर जुळवलेला रंग

मुरबाडच्या बाजारपेठेत माझं एका खोलीचं ब्युटी पार्लर आहे. बाहेरच्या पाटीवर एका गोऱ्यापान बाईचा चेहरा आहे. पाटी करणाऱ्याने तो त्याच्याकडच्या नमुन्यांतून निवडला आणि तेव्हा मलाही तो आवडला होता. मी स्वतः काळी आहे. बायका माझं मन राखायला सावळी, गव्हाळ असं काहीबाही म्हणतात. माझं माहेर डोळखांबकडचं, भातशेतीतलं. आम्हा बहिणींत मीच काळी, म्हणून आई दर रविवारी मला बेसन-हळद चोळायची, अगदी कातडी चुरचुरेपर्यंत. मला तिचा राग यायचा नाही. कधीतरी हा रंग निघेल, असं मलाही वाटायचं.

पार्लरचा कोर्स मी शहापुरात केला. तिथं शिकवलं होतं, की नवरीला तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ करायची, म्हणजे घरचे खूश होतात. मी तसंच करत आले. हात बरा होता, त्यामुळे लग्नाच्या दिवसांत वाड्या-पाड्यांवरूनही बोलावणी येऊ लागली.

अशाच एका उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून एका मुलीचा फोन आला. नर्सिंग शिकलेली, बोलायला चुणचुणीत. म्हणाली, "ताई, मला एकदम गोरी करा. मुलाकडचे शहापूरला राहतात. त्यांच्या घरातल्या बायका उजळ हायेत. मी त्यांच्यात उठून दिसाय नको."

"काळजी करू नको," मी म्हटलं. "तुला कोणी ओळखणार नाही बघ."

माझ्या धंद्यात हे कौतुकाचं बोलणं असतं.

लग्नाच्या दिवशी माझ्या नवऱ्याने मला सकाळीच मोटारसायकलवरून वाडीत सोडलं. घराच्या आतल्या खोलीत पत्र्याखाली मी मेकअपची पेटी उघडली. नवरीचा रंग थेट माझ्यासारखा होता. नाकडोळे रेखीव, दात मोत्यासारखे. मी नेहमीचं फाउंडेशन काढलं, चेहरा, मान, कान सगळं झाकलं, गालांवर गुलाबी पावडर दिली. काम सुरेख झालं. मुलीने आरशात पाहिलं आणि खूश होऊन माझा हात दाबला.

ती ओटीवर आली तेव्हा तिची दोन वर्षांची भाची दारात खेळत होती. ही पोर एरवी आत्याच्या कडेवरून उतरायची नाही. नवरीने हात पुढे केले तशी ती मागे सरकली, आणि आणखी जवळ गेल्यावर घाबरून मोठ्याने रडायला लागली. बायका हसल्या. नवरीही हसली, पण तिचे हात तसेच पुढे राहिले.

तेवढ्यात मांडवातून नवरीची आत्या आली. ही म्हातारी वाडीतली धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी. तिच्या गाण्याशिवाय तिथं लग्न लागत नाही. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. तिने नवरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गो बाय, हे कोनाचं तोंड लावलंस हिला?"

"आत्या, राहू दे ना," नवरी म्हणाली. "फोटो चांगले येतील."

"येतील. पन ते तुजे नाय येनार."

म्हातारी रागावलेली नव्हती. तिने नवरीच्या गालाला बोट लावलं आणि बोटाला लागलेलं पांढरं पदराला पुसलं. नवरीचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता सगळा मेकअप उतरणार, वऱ्हाड यायची वेळ झाली आणि बोल मला लागणार. पण मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, धुवून टाकूया? तुमाला परत जमेल?"

जमेल, असं मी म्हणून बसले. पेटी उघडून सगळ्या बाटल्या चाळल्या. तिच्या रंगाची बाटलीच माझ्याकडे नव्हती. तिच्या रंगाची म्हणजे माझ्याही रंगाची. इतकी वर्षं मी या रंगावर काहीतरी लावतच आले होते. त्याच्याशी काही जुळवायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग मी तपकिरी आयशॅडो खरवडून फाउंडेशनमध्ये मिसळली. त्यात जरा तांबूस, जरा पिवळी. प्रत्येक मिश्रण मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे. एक राखाडी दिसलं, एक विटकरी. नवरी तोंड धुऊन समोर बसली होती. तिने आपला हात माझ्या हाताला लावून ठेवला, म्हणजे मला सारखं वर बघावं लागू नये. मी पुन्हा पुन्हा त्या दोन हातांकडे पाहत होते. त्या रंगात खाली लालसर झाक होती, दारातून येणाऱ्या उन्हात ती सोनेरी व्हायची. हे मला माझ्या हाताबद्दल ठाऊकच नव्हतं.

आत्या उंबऱ्यावर बसून आमचा खटाटोप बघत होती. मी विचारलं, "तुमच्या वेळी पोरगी बघताना रंग नव्हते का बघत?"

"आमच्यात? गोरी पोरगी दिसली तर इचारायचे, आजारी हाय का? डोईवर हंडा घेऊन कशी चालते ते बघायचे. गोंदन नसलं तर तोंड उघडं दिसतं म्हनायचे."

"म्हणजे बरं होतं की."

"कसलं बरं!" ती हसली. "दात बघायचे ना. माजे पुढं होते. दोन घरांनी नाय म्हटलं मला. तुमच्यात रंग, आमच्यात दात. लोकांना काय तरी लागतंच गो."

तिसऱ्याने होकार दिला तो तिच्या गाण्यावर खूश होऊन, हेही तिने सांगितलं. नवरी खळखळून हसली आणि तिच्या गालावर मी लावत असलेला रंग हसण्याबरोबर नीट हलला. कुठे भेग नाही, थर नाही. रंग बसला होता.

छोटी भाची या वेळी धावत आली आणि नवरीला बिलगली. मी साडीला डाग लागेल म्हणून ओरडले, पण माझं कोण ऐकतंय.

वऱ्हाड आल्यावर नवऱ्या मुलाची एक मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पार्लरवाली आणली होती ना? मग काळीच कशी ठेवली?" मी पेटी आवरायला घेतली. मला जरा भीतीही वाटली. मुलाने मात्र मांडवात शिरताच नवरीला शोधलं आणि लांबूनच हात हलवला. संध्याकाळी नवरी घाम येईपर्यंत नाचली. रुमालाने चेहरा पुसला तरी खालून काही वेगळं निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात मी कल्याणच्या होलसेल दुकानात जाऊन गडद शेड मागितल्या. दुकानदार म्हणाला, "कोणी नेत नाही, ताई." मी ऑर्डर देऊन मागवून घेतल्या. आता त्याच्याकडे त्या असतात.

सगळं बदललं असं नाही. निम्म्याहून जास्त नवऱ्या अजून गोरंच करायला सांगतात आणि मी करून देते. तोंड त्यांचं, लग्न त्यांचं. पण आता मी आधी त्यांचा हात हातात घेते, त्यांच्या रंगाचा एक ठिपका मनगटावर लावून दाखवते आणि मग विचारते. काही जणी बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसतात. तो दिसतच नाही, एवढा मिसळलेला असतो.

परवा एक मुलगी होणाऱ्या सासूला घेऊन आली होती. सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "हिला दोन शेड उजळ करा." मुलगी म्हणाली, "नको आई, मला माझाच रंग ठेवायचाय." सासूबाईंनी हळूच स्वतःची बाही वर सारली.

"बरं," त्या मला म्हणाल्या, "माझ्या हाताला कुठला रंग जुळतो, बघा बरं."